हार घातलेलं मशीन

आमच्या गावच्या दवाखान्यात हृदयरोग्यांसाठी चोवीस तासांचा कक्ष सुरू झाला. त्याची किल्ली ज्यांच्या करगोट्याला असते, त्या शिपाईमामांचं नाव मला अजून ठाऊक नाही. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या आणायला जातो, तेव्हा ते कक्षाच्या बंद दाराशी स्टुलावर बसलेले असतात.

"उगडं ठिवलं की मशीनवर धूळ बसती," म्हणतात.

आतल्या ईसीजी मशीनवर त्यांनी घरची झालरीची चादर घातली आहे.

खंडेनवमीला मामांनी त्या मशीनला झेंडूचा हार घातला, पुढ्यात नारळ ठेवला. तेवढ्यात पासली गावच्या एका म्हाताऱ्याला टेम्पोतून आणलं. छाती धरलेली, अंग घामानं निथळत होतं. मामा दारात आडवे.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या आणा."

डॉक्टरीणबाई कडाडल्या, तेव्हा कुलूप निघालं. हार मात्र मामांनी स्वतःच उतरवला, तोही मशीनच्या पाया पडून. ईसीजी निघाला, बाईंनी इंजेक्शन दिलं, म्हातारा वाचला.

पुढं तो पेढे घेऊन आला. मामांनी त्याला बाईंकडं जाऊच दिलं नाही.

"हितं डोकं टेका. मशीन लई जागृत हाय."

परवा माझ्याच छातीत कळ आली. भिंत धरत कक्षापाशी पोचलो. मामांनी झटकन कुलूप काढलं, मला खांद्याचा आधार दिला आणि उंबऱ्यातच थांबवलं.

"दादा, आदी चपला काढा."

आणि मी काढल्या.