पंखा नसलेला लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा मी वहीत अकरा कलमांची यादी केली. मला यादीशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. पहिलं कलम प्रोसेसर: परवडेल तितका वेगवान. दुसरं, रॅम सोळा जीबी. तिसरं, पाचशे बारा जीबीची एसएसडी, कारण जुना लॅपटॉप सुरू होईपर्यंत दोन किलो मिरची कांडून व्हायची. मग बॅटरी, आकड्यांची वेगळी बटणं, लेबलच्या प्रिंटरसाठी जोडणी, वॉरंटी, असं करत शेवटचं कलम वजन.

शिवाजी पेठेत आमचं चटणी कांडपाचं दुकान आहे. बायका मिरची-मसाला घेऊन येतात, आम्ही कांडून देतो. बाहेरगावच्यांना तयार चटणी पाठवतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुणाला तिखट संकेश्वरी जास्त लागते, कुणाला रंगासाठी ब्याडगी, कुणाकडे सासूनं ठरवलेलं खोबरं सुनेनं निमूट चालू ठेवलेलं. ही सगळी प्रमाणं माझ्या सासूबाईंच्या डोक्यात, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवर. सासूबाईंना मी आत्या म्हणते. दुकानात गल्ल्याजवळची खुर्ची त्यांची. तिथून त्या गिऱ्हाईक चप्पल काढायच्या आत ओळखत.

मग त्यांची नजर मंदावली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडद्याचा आजार आहे, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली सांभाळू. आत्यांनी हे मनावर घेतलं नाही. चिठ्ठ्या दिसेनाशा झाल्या तरी अंदाजानं काम रेटत राहिल्या, आणि एक दिवस जिल्ह्यातल्याच एका जैन घरात कांदा-लसणाची चटणी गेली. त्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. डबा उघडताच वास आला, म्हणून निभावलं. त्यांच्या सुनेनं हसत फोन केला, "आज्जी, आम्हाला बाटवायलाच निघाला होता की!"

आम्ही सगळे हसलो. आत्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या नाहीत, तिसऱ्याही नाही. खुर्ची रिकामी. गिऱ्हाइकं विचारायची, "आज्जी कुठायत?" मी म्हणायची, विश्रांती घेतायत. आत्यांनी उभ्या जन्मात विश्रांती घेतलेली नाही.

मी ठरवलं, सगळ्या चिठ्ठ्या लॅपटॉपवर चढवायच्या. पण दुकानातला जुना लॅपटॉप त्याच उन्हाळ्यात बंद पडला होता. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला आणि सात वेळा शिंकला. आतला पंखा लालभडक.

"वहिनी," तो डोळे पुसत म्हणाला, "ह्यात रॅम कमी आन् चटणी जास्त हाय."

नवा घ्यायचा हे आत्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बसवा माझ्या जागी पेटी. माझं काय आता."

मी वही उघडून कलमं पुन्हा तपासत बसले.

राजारामपुरीतल्या लॅपटॉपच्या दुकानात त्या आल्या त्याही नाइलाजानं. डोळ्यांच्या तपासणीनंतर परस्पर तिकडे गेलो म्हणून. मी विक्रेत्यापुढे वही उघडली. तो भराभर मशीन मांडत गेला आणि मी कलमांपुढे बरोबरच्या खुणा करत गेले. आत्या स्टुलावर बसल्या होत्या. अचानक त्यांनी एक लॅपटॉप जवळ ओढला, उलटा केला आणि खालच्या फटींवर तळवा धरला.

"पावणं, ह्ये श्वास कुठनं घेतंय?"

विक्रेता गोंधळला. "आज्जी, आत पंखा असतोय. तिथनं हवा घेतोय."

"मग ह्यो बी मरणार," आत्या मला म्हणाल्या. "आदीच्याला मी मलमलीचं कापड बांधलतं, पिठाच्या डब्याला बांधतो तसं. तर तव्यासारखं तापाय लागलं. कापड सोडलं तर चटणी खाल्ली. बिनपंख्याचं न्हाय व्हय?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कधी? तू वहीत बघत हुतीस की."

बिनपंख्याचे लॅपटॉप असतात, विक्रेता म्हणाला, फक्त प्रोसेसर थोडा हळू. "व्हिडिओ बनवणार असाल तर चालणार नाही. बिलं, तक्ते, लेबलं, मेल, ह्याला मात्र भरपूर झालं." मी पहिल्या कलमावर आडवी रेघ मारली. माझ्या हातून यादीवर अशी रेघ सहसा पडत नाही.

त्यानं तसे दोन दाखवले. पहिल्याचा पडदा आरशासारखा चकचकीत. आत्या वाकून बघत म्हणाल्या, "ह्यात माझंच थोबाड दिसतंय. ते मला पाठ हाय." दुसऱ्याचा पडदा मंद, न चमकणारा. विक्रेत्यानं अक्षरं मोठी करत नेली. पडद्यावर जेमतेम पाच ओळी उरल्या तेव्हा आत्यांनी बोट ठेवून समोरची ओळ वाचली. मग खालची. पाचही वाचून काढल्या, जाहिरातीचा मजकूर होता तरी. मी विक्रेत्याला म्हटलं, हाच बांधा. आकड्यांची बटणं त्यात नव्हती. ती वेगळी घेतली.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघी चिठ्ठ्या चढवत होतो. मी वाचायची, त्या दुरुस्त करायच्या. "धणं पावशेर न्हवं, त्यांच्या म्हातारीनं मागल्या साली वाढवलं." निम्म्या चिठ्ठ्या चुकीच्या होत्या आणि बरोबर प्रमाणं त्यांच्या डोक्यात होती. पाचशे बारा जीबीत हे मावलं नसतं, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "जीबी मंजे काय ते मला सांगू नगंस, टाईप कर."

लॅपटॉप गल्ल्याजवळ ठेवला, आत्यांच्या खुर्चीसमोर. सोळाव्या दिवशी त्या येऊन बसल्या. पहिली ऑर्डर त्यांनी मागूनच घेतली, त्याच जैन घराची. पडद्यावर बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, "कांदा न्हाय. लसूण न्हाय. तीळ जादा." डबा स्वतः भरला.

दोन दिवसांनी त्या घरच्या सुनेचा फोन आला. "आज्जी, उघडल्या उघडल्या वास घेतला हं. पास!"

"वास कशाला घेतलास?" आत्या कडाडल्या. "मी वाचून भरलंय!"