देवलाच्या अंगणातला लिंब

सेनगावजवळच्या तांड्यावर देवला राठोडाच्या अंगणात एक जुना कडुलिंब होता. देवला त्याला मनातल्या मनात 'बुढा' म्हणायचा. घरात दुसराही एक बुढा होता, चुलता पेमाकाका. दोन हजार तीन साली घरकुल मंजूर झालं आणि पाया आखला तो नेमका लिंबाच्या बुडाशी. देवलाला घास गोड लागेना. चार माणसं बोलवून, गोड भात करून झाडाला रीतसर निरोप द्यायचा असं त्यानं ठरवलं आणि बाळापूरला बहिणीला, रूपाबाईला फोन लावला.

लाइनीवर फार खरखर. "रूपा, बुढा उद्या जाऊन राहिला. येऊन जा," एवढं म्हणेस्तोवर लाइन तुटली. त्यातलं 'उद्या' खरखरीतच बुडालं.

दुसऱ्या दिवशी दारात जीप थांबली, ती रडतच. रूपाबाई पुढं, सासरचं गणगोत मागं. "काका रेऽ, मला खांद्यावर बसवून बाजार दाखवलास रेऽ!" डोळ्यांवर पदर घेऊन तिनं बाजेपाशी बैठक मारली. बाजेवर पेमाकाका भाकर कुस्करत होता. थोडा वेळ तो मान डोलवत ऐकत राहिला.

"आन् पिसाळलेला बैल मी आडवला, ते काहून न्हाई सांगून राहिलीस?"

रूपाबाई किंचाळून मागं पडली.

देवलानं खरं काय ते सांगितलं. "झाडासाठी? कापसाची वेचणी टाकून आले न मी!" ती कडाडली.

तेवढ्यात झाडं तोडणारा ग्यानबा कुऱ्हाड घेऊन आला. एवढी माणसं बघून त्यानं टोपी काढली. "कोण गेलं?"

"अजून कुणी न्हाई," देवला म्हणाला. "तू आलास, आता जाईल."

ग्यानबा दोन पावलं मागं सरकला.

रूपाबाईच्या गळ्यात रडणं अर्धवट अडकलं होतं. ते परत बाळापूरला कसं न्यायचं? तिनं उठून लिंबाला मिठी मारली आणि उरलेलं तिथं रडून घेतलं. आपलं रडणं झाडाला दिलं म्हणून पेमाकाका रुसला. गोड भात दोनदा वाढला तेव्हा कुठं बोलला.

देवला रडला नाही. फांद्या ओढत राहिला.

पुढं एकदा रानातून येताना तो शेजारच्या गोपीचंदच्या ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं.

"देवलाभाऊ, तुमचं घर मागं राहिलं," गोपीचंद म्हणाला.

देवलानं वळून पाहिलं. लिंबाची सावली असायची तिथं नुसतं ऊन होतं. "व्हय," म्हणाला, आणि हातातला तांब्या हिंदकळेपर्यंत रडला.