मंदाच्या कोठीतला उजेड

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या घरी दाढी करत होतो. पलीकडे मेहुणे. "दादा, मंदा गयी," एवढंच बोलले आणि फोन तसाच धरून राहिले. सकाळी चहा ठेवायला उठली, गॅसपाशी खाली बसली, ती बसलीच. डॉक्टर म्हणाले हृदय. माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होती. अर्धी दाढी पुसून मी एसटी गाठली. त्या दिवशी रडलो तेवढंच. नंतर रडू आलं नाही, राग आला, आणि पाच आठवडे झाले तरी उतरायला तयार नाही. घरचे म्हणतात, गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द लिहा. मंदाविषयी चांगलंच लिहिणार आहे. बाकीच्यांविषयी मात्र नाही, आणि त्या बाकीच्यांत पहिला मी.

मंदाला आम्ही तापीकाठच्या एका चांगल्या बागायतदार घरात दिली. केळी, ऊस, कापूस, कशाला म्हणून कमी नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि घर तिला खायला उठलं. त्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून तिने मुठीएवढा गोल कॅक्टस आणला, प्लास्टिकच्या पेल्यात. मग आणखी एक. मग जाड पानांची ती सक्युलंट म्हणतात ती झाडं. एका पानापासून दुसरं झाड होतं हे कळल्यावर तर बाईला थांबवायची सोय राहिली नाही. आमच्याकडे काटेरी झाड घरात ठेवत नाहीत. शेताच्या बांधावर निवडुंग चालतो, उंबऱ्याच्या आत नाही. तिच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काटानं झाड घरमा ऊनं का भांडन ऊनंच समजा." आणि भांडण आलंच. नेमकं त्याच वर्षी मेहुण्यांचा चुलतभावाशी बांधावरून वाद झाला, म्हशीचं पारडू मेलं, सासूबाईंचे गुडघे धरले. सगळं त्या मुठीएवढ्या झाडाच्या माथी. शेवटी मला बोलावणं आलं. माहेरचा माणूस, त्यात मास्तर, म्हणजे निवाडा करणार.

तो निवाडा मी केला. ओट्यावर बसून, चहा पीत, दोन्हीकडचं ऐकून. म्हटलं, झाडं टाकायची नाहीत, पण आल्यागेल्याच्या नजरेला पडायला नकोत. मागच्या धान्याच्या कोठीत ठेवा आणि दार लोटून घ्या. सासूबाई मान हलवून हो म्हणाल्या, मेहुणे सुटल्यासारखे हसले, कोणीतरी म्हणालं, मास्तरांनी बरोबर तोड काढली. मंदा दारात उभी होती. ती एकच वाक्य बोलली, "दादा, तठे उजेड नही." कोठीला खिडकी नव्हती, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, बघू काहीतरी... आणि आमरसाच्या जेवणाला बसलो. पोटभर जेवलो. बघितलं काहीच नाही.

बघितलं तिनेच. महिनाभरात झाडं अंधारात उगवलेल्या मुगासारखी पांढुरकी, लांबट झाली. शहरातल्या एका रोपवाटिकेत विचारलं तर त्यांनी जांभळ्या उजेडाचा खास दिवा सांगितला, आणि त्याची किंमत ऐकून तिने फोन ठेवला. मग गोठ्यात म्हशींसाठी लावलेली साधी पांढरी एलईडी ट्यूब तिच्या नजरेत भरली. तसल्याच दोन तिने दोरीने टांगल्या. उजेड वाया जाऊ नये म्हणून भिंतींना स्वतः चुना मारला. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ट्यूब लावायची, संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की बंद करायची. "झाडलेबी रात लागस, दादा," ती म्हणायची. एवढंच माझ्या डोक्यात राहिलं आहे, कारण ती सांगत असायची तेव्हा मी पेपर वाचत असायचो. वर ऐटीत म्हणायचो, अगं, प्रकाशसंश्लेषण म्हण. ती म्हणायची, "तुन्हं पुस्तकनं बोलणं शाळामा ठेव. आठे ये ना, तुले दखाडस." मी घड्याळ बघायचो. पुढच्या खेपेला नक्की, आता गाडी चुकेल. अशी नऊ वर्षं पुढची खेप चालली. तिथे गुलाबी फुलं येतात म्हणे. म्हणे!

तेरावं झालं आणि मेहुण्यांचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी जरा बळ होतं. "दादा, तिन्हा सगळा झाडे ओटावर आनी ठेवात. आते कोन काय बोलस ते दखू." मला गहिवरून आलं. म्हटलं, फार चांगलं केलंत. मी, एकतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस, भर मे महिन्यात हे बोललो. चार दिवसांनी गेलो तर ओट्यावर मांडलेल्या कुंड्यांत झाडं नव्हती, फोड होते. नऊ वर्षं ट्यूबच्या उजेडात वाढलेला जीव आपल्या खानदेशी उन्हात एकदम बाहेर काढलेला. जे करपलं नव्हतं ते सडलं होतं, कारण सासूबाई रोज सकाळी अंघोळ करून, तुळशीला घालतात तसं, प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी घालत होत्या. हात जोडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मायेने करत होत्या म्हणून तर जास्तच गेली.

मी ओट्यावर उभं राहून ओरडलो. रागातही 'अहो' सुटत नाही ही आमची रीत, त्यामुळे आदराने ओरडलो. म्हटलं, अहो, बाई जिवंत होती तेव्हा तिची झाडं पाहुण्यांपासून लपवलीत, आता गावाला दाखवायला मांडलीत? मेल्या म्हशीला मणभर दूध! गल्ली गोळा झाली. सासूबाई हातातला तांब्या खाली न ठेवता तशाच उभ्या. मेहुणे खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "दादा, कोठीमा ठेवा हाई तुम्हीच सांगेल व्हतं. आठेच बठीसन."

मग त्यांनीच विचारलं, जी थोडी हिरवी दिसतात ती परत आत नेऊ का. नेली. मी पहिल्यांदा त्या कोठीचा उंबरा ओलांडला. मेहुणेही धान्य काढायला मजूर पाठवायचे, कुंड्याही मजुरांकडूनच बाहेर आणवल्या होत्या, स्वतः कधी शिरले नव्हते. फळीवर कुंड्या ठेवल्या आणि त्यांनी मला विचारलं, "दिवा कितला उंचवर ठेवू? पानी कितलं टाकू?" मास्तर ना मी! मला येईना. किती उंचीवर, किती वेळ, किती पाणी, नऊ वर्षं ती दाखवायला बोलावत होती त्यातलं एक अक्षर येईना. मेहुण्यांनी चाचपडत बटण दाबलं.

चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक रेघेपाशी मंदाचं गोल अक्षर. 'गोल काटेवाली, दिवा वीतभर वर.' 'जाड पानांची, दीड वीत. लांबट झाली तर दिवा खाली घेणे. लाल पडली तर वर.' 'पाणी माती पूर्ण सुकल्यावरच. बोट घालून बघणे.' आणि दाराजवळ, मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून: 'उन्हात एकदम काढू नये. आधी आठ दिवस सावलीत.' सगळं शाळेच्या मराठीत. जन्मात माझ्याशी कधी त्या भाषेत बोलली नव्हती. मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मेहुणे अक्षरावर बोट ठेवून वाचत होते, पहिलीतलं पोर वाचतं तसं.

"तिले ते सगळं तोंडपाठ व्हतं," ते म्हणाले. "मंग हाई कोन्हासाठे लिखं?"

जो कोणी ते दार उघडून आत येईल त्याच्यासाठी लिहिलं होतं. नऊ वर्षांत आमच्यापैकी कोणीही आलं नाही.