नमुना ताजा पाहिजे, वरवरचा नको

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. ठसका लागला तर मला बोल लावू नका. कारण माझ्या हातून जे झालं ते साध्या माणसाच्या हातून होतच नाही, त्यासाठी पीएच.डी. लागते!

मी जंतांवर काम करते. हो, जंत! पोटातले! पंधरा वर्षं झाली. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मला सवय आहे. अकोल्याला जठारपेठेत आमचं घर, बाबा वकील, काकांची भिक्षुकी, आणि पोरगी जंतवाली! आई अजून पाहुण्यांना सांगते, "प्रतिकारशक्तीवर संशोधन करते हो." खोटं नाही ते. शरीरात परकं काही शिरलं की आपली प्रतिकारशक्ती हात धुऊन त्याच्या मागे लागते. पण जंत? तो वर्षानुवर्षं आत बसून जेवतो, आणि ही त्याला ऊठसुद्धा म्हणत नाही. का म्हणत नाही? हे मला शोधायचंय. त्यासाठी आधी जंत पाहिजे, आणि जंत काय बाजारात मिळतो?

आमचे प्रमुख पुण्याचे. म्हणाले, "तुमच्या वऱ्हाडात नको. लोक नमुने देणार नाहीत. आपण अभ्यास दुसरीकडे हलवू."

माझं डोकंच फिरलं. "सर, मी वऱ्हाडची आहे. माझे लोक मला नाही म्हणणार नाहीत. या आठवड्यात साठ नमुने आणले नाहीत तर प्रकल्प दुसऱ्या कोणाला द्या!"

बोलून बसले! पंधरा वर्षांचं काम एका वाक्यात पणाला लावलं.

भातकुलीच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, मला तिथे अजून तोंड दाखवायचंय. ग्रामपंचायतीसमोर सभा भरली. समोर सत्तरेक माणसं, निम्मी माझ्या आजोबांच्या वयाची. मी तोंड उघडलं आणि तो शब्दच बाहेर येईना! परिषदांमध्ये जंतांवर तासतासभर बोलणारी मी, पण घरचे संस्कार ऐन वेळी घशात अडकले.

शेवटी डब्या वाटल्या आणि म्हटलं, "उद्या सकाळी प्रत्येकाने आपापला नमुना यात घेऊन यायचा. ताजा पाहिजे." कशाचा, ते त्यांना कळलंच असणार. एवढी शहाणी माणसं!

एक काका उठले. "म्याडम, किती खोलचा?"

मी जरा गांगरले. "वरवरचा नको. मधला घ्या."

"आमचा खारा असते. चालन काय?"

भातकुलीकडचा सगळा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणीसुद्धा खारं. मला वाटलं, पाण्याचा पोटावर झालेला परिणाम सांगताहेत बिचारे. म्हटलं, "चालेल काका. लाजू नका."

"तुरीचा येगळा अन् हरभऱ्याचा येगळा आनू काय?"

"काय खाल्लं ते महत्त्वाचं नाही. एकत्रच आणा!"

काका डबी खिशात घालून खाली बसले. मागून कोणीतरी ओरडलं, "परवाच औषध देलं हाये!" मी म्हटलं, "नाव लिहून द्या." आणि खरं सांगू? मी भारावून गेले होते. पुण्याची माणसं डॉक्टरसमोरही इतकी मोकळी बोलत नाहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. तोंडाला मास्क, आणि मास्कला आतून निलगिरीचं तेल. आता हसू नका. जंतांवर माझा जीव आहे, वासावर नाही.

आठ वाजता रांग! साठ डब्या पूर्ण! माझा ऊर भरून आला. पहिली डबी उघडली. काळीभोर. दुसरी उघडली. काळीभोर. दहा उघडल्या, दहाही काळ्या! आता आमच्या शास्त्रात शी काळी म्हणजे पोटात रक्त जात असू शकतं. रक्त पिणारे जंत असतात, ते आतड्याला चिकटून बसतात. पण अख्ख्या गावाला? चिमूटभर काचेवर घेतलं आणि डोळा लावला. अहो, वळवळत होते! जिवंत! ढीगभर!

सर अमरावतीला उतरले होते. फोन लावला. "सर, लगेच या! सगळं गाव काळं! आणि काचेवर जंतांची जत्रा! जगात कुठे असं सापडलं नसेल!"

"निघालोच," सर म्हणाले. पंधरा वर्षांत त्यांचा आवाज इतका गोड मी ऐकला नव्हता.

अर्ध्या तासात आणखी वीस डब्या उघडल्या, त्याही काळ्या. मग मी गावकऱ्यांकडे वळले. "घाबरू नका. तुमच्या सगळ्यांच्या पोटातून रक्त जातंय."

एकच गलका झाला. तेवढ्यात रांगेतून सरूआजी पुढे आली. सत्तरी ओलांडलेली, स्वतःचं शेत स्वतः बघणारी, आवाज असा की पाखरं उडावीत.

"कोनाच्या पोटातून वं? मी तं बांधावरून आनली!"

"बांधावर बसून?" मी आपुलकीनं विचारलं.

"बसून काहून? खुरप्यानं! हातभर खंदून!"

"आजी... खुरप्यानं तुम्ही काय आणलंत?"

"माती! मांगच्या साली शेतीच्या सायबानं नमुना नेला ना? तशीच. ताजी पायजे म्हनली, वरवरची नको म्हनली. मंग खंदली!"

मी मास्क काढला. डबी नाकाशी नेली. मातीचा वास. आपल्या काळ्या मातीचा, छान, थंडगार वास. आणि ते वळवळणारे? शेतातल्या चिमूटभर मातीत राहणारे साधे, निरुपद्रवी जीव. पहिल्या वर्षाला मी स्वतः मुलांना शिकवते, मातीतले आणि पोटातले यांत गल्लत करू नका म्हणून!

आणि नेमकी त्याच क्षणी सरांची गाडी आली. त्यांनी डबी घेतली, वास घेतला, बोटावर चोळून पाहिली.

"माती छान आहे," ते म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं. सामान आवरा."

गाव खो खो हसत होतं. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. सरांचा नाही, माझा. साठ माणसं पहाटे शेतात जाऊन, खणून, मी मागितलं ते घेऊन आली होती. कोण म्हणतं माझे लोक देत नाहीत? मलाच मागता आलं नव्हतं!

सरूआजी जवळ आली. "तुले पायजे काय होतं?"

"शौचाचा नमुना..."

"म्हंजे?"

"म्हणजे... परसाकडचा..."

"अवं, गू पायजे काय तुले?" आजी कडाडली. "मंग गू म्हन ना! येवढी शिकली अन् तोंडातून गू निंगत नाई?"

बस. मी ताडकन उठले, पंचायतीचा भोंगा लावायला सांगितला आणि माईक हातात घेतला. सरांच्या डोळ्यांत बघत, जठारपेठेचे सगळे संस्कार बाजूला ठेवून, पाच गावांना ऐकू जाईल असं ओरडले, "मले माती नाही पायजे! मले गू पायजे! उद्या सकाळी! सगळ्याइचा!"

सरांनी डोळे मिटून घेतले आणि गाडीत जाऊन काचा वर केल्या.

"आनतो," आजी म्हणाली. "पन आधी तुहा."

"माझा?"

"काहून? तू जेवत नाई काय?"

आता माघार घेतली असती तर मी वऱ्हाडची कसली? म्हटलं, "पहिली डबी माझी! नमुना क्रमांक एक, लिहून घ्या!"

दुसऱ्या दिवशी चौसष्ट डब्या आल्या. चौसष्ट! सर मुकाट्यानं बसून नुसत्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते, नावांची वही माझ्याकडे. प्रकल्प कुठेही हलला नाही, अजून तिथेच चालू आहे. आणि निलगिरी? तीही सोडली मी. शपथेवर सांगते!

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेतून सरांचा फोन आला. "अभिनंदन. सरूआजी एकदम स्वच्छ. गावही बरंचसं ठीक आहे. पण हा क्रमांक एक कोण? अंडीच अंडी दिसताहेत! आणि नमुन्यात सुजेची एकही खूण नाही! प्रतिकारशक्तीनं हूं की चूं केलेलं नाही. आपल्याला हवा तसा माणूस आहे हा. कोण आहे?"

काय सांगणार? पंधरा वर्षं ज्याच्यासाठी गावोगाव वणवण केली, तो माझ्याच पोटात मुक्काम ठोकून बसला होता!

गावात गेले तेव्हा सरूआजीला खरं ते सांगून टाकलं. ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग माझ्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली.

"गोळी घे वं माय," म्हणाली. "अन् त्या पुन्याच्या सायबाले सांगजो, वऱ्हाडात नमुने लय हायेत. येक तं तूच!"