दादाची शेवटची चाल

मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं, की आजवर मीच आधी हसायचे... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

माझा थोरला भाऊ, दादा, मलकापूरला शिक्षक होता. आम्हा दोघांना एका कॉम्प्युटर गेमचं वेड. जुन्या जपानातले एकमेकांच्या जिवावर उठलेले सरदार, त्यांचे किल्ले, फौजा, तह. तो तिकडून चाल करायचा, मग मी इकडून. दिवसाला एक-दोन चाली, बास.

गेल्या वर्षी आई गेली. ती माझ्याकडेच असायची. तिसऱ्या दिवशी दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "चिमे, दवाखान्यात न्यायला तू उशीर केलास." त्यानंतर आम्ही बोललो नाही. गेम मात्र दोघांपैकी कुणीच सोडला नाही.

त्या बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्या मुख्य किल्ल्यावर हल्ला केला. खरं सांगायचं तर रागानेच. पाचला त्याची चाल आली. सगळ्या फौजा मागे घेतलेल्या, आणि तहाचा प्रस्ताव! दादा कधीच तह करत नसे. खाली निरोपाच्या चौकटीत एकच ओळ —

"चिमे, उशीर तुझ्याकडनं झाला न्हवता."

मी रडतच त्याला फोन लावायला मोबाइल उचलला, तेवढ्यात वहिनीचाच फोन आला.

"वन्सं... ह्यांना ॲटॅक आला. गेले वो."

"कधी?"

"अडीचला. शाळेतनंच दवाखान्यात आणलंतं. कुणाला कळवायचं सुचलंच न्हाई बघा..."

त्या वेळी दादाचा लॅपटॉप घरी कपाटात होता. घराला कुलूप, किल्ली वहिनीच्या पर्समध्ये. पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक, आणि हा गेम मोबाइलवर चालत नाही.

माझा आतेभाऊ आयटीत आहे. तो म्हणाला, "आधी केलेली चाल नेटमुळं उशिरा पोचली असंल की." पण मी हल्ला करेपर्यंत दादाची पाळीच नव्हती. मग चाल आधी कशी करणार?

दिवसकार्य झाल्यावर मी तह मान्य केला. हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. मी शिकवते त्यातलं काहीच इथे उपयोगी पडत नाही. सलतं ते वेगळंच... दादा जाऊन दीड तास उलटून गेला होता, आणि मी त्याच्यावर चालून गेले होते.