सुरतेहून जवळचा बर्फ

आमच्या पोरीला स्कीइंग शिकायचं होतं, आणि ते तिने शिकू नये असं मला मनापासून वाटत होतं. तोंडाने मात्र मी "बघू, बघू" म्हणत राहिले. मागे भेस्तानच्या चौकात तिच्या स्कूटीला टेम्पोने मागून ठोकलं होतं. डाव्या पायाची नळी मोडली, आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. पुढे डॉक्टर म्हणाले, हाड पक्कं जुळलंय, आता पळू द्या, नाचू द्या. पण डॉक्टरांनी तो पाय टेबलावर पाहिला होता. मी तो रस्त्यावर पाहिला होता. ती जिना उतरते तेव्हा आजही मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून पावलं ऐकते.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते कामावर. एका साडीच्या व्यापाऱ्याकडे ती हिशेब बघते. दिवाळीच्या सुट्टीत शेठची माणसं परदेशात बर्फावर घसरून आली आणि त्यांनी सगळ्या ऑफिसला व्हिडिओ दाखवले. पोरगी शहाणी, तिने परदेशाचं नाव काढलं नाही. परदेश कशाला, आपल्याच देशात बर्फ आहे की, म्हणाली, आणि आपल्याला जवळ कुठलं ठिकाण पडेल ते मोबाइलवर शोधत बसली. सुरतेत पौषातही दुपारी पंखा लागतो. अशा गावातून जवळचा बर्फ शोधायचा!

तिच्याबरोबर मग सगळेच शोधायला लागले. हौसेला मोल नाही, आणि दुसऱ्याच्या हौसेला तर अजिबातच नाही. जाऊबाईंनी सापुतारा सुचवला, थंडीत तिथे गवत पांढरं दिसतं म्हणे. शेजारणीने मॉलमधली बर्फाची खोली सांगितली. त्या खोलीत मी तिला हौसेने घेऊन गेले. दुसऱ्याच्या घामाचा वास येणारी जाकिटं घातली, गमबूट चढवले. आत लॉरीच्या फळीएवढा एक उतार होता आणि त्यावरून पोरं रबरी टायरवर बसून घसरत होती. पोरीने तिथल्या माणसाला स्कीचं विचारलं. तो हसून म्हणाला, बेन, आ तो रमवानुं छे. म्हणजे नुसतं खेळायचं. मला इतका आनंद झाला, काय सांगू. किती छान आहे, आपण इथेच येत जाऊ, असं मी दोनदा म्हटलं. तिने जाकीट काढून परत केलं. तिला लागलं की ती बोलत नाही.

गुलमर्गला मी नाही म्हटलं, औलीच्या घाटाचे व्हिडिओ बघून त्यालाही नाही म्हटलं. शेवटी शिमल्याच्या पुढचं एक लहानसं गाव निघालं. तिथे शिकाऊ लोकांसाठी छोटा उतार होता आणि लॉजवाला स्वतःच शिकवायचा. चंदीगडपर्यंत गाडी, पुढे डोंगरातून जीप. म्हणजे पासपोर्ट लागत नाही, एवढंच काय ते जवळ. मी पुन्हा नाही म्हणणार होते, पण तिचे वडील मध्ये पडले. पोरगी दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस एक शब्द न बोलता उशाशी बसून असायचा. आता म्हणाले, तिघं जाऊ.

मग बर्फाचीच वाट पाहणं आलं. हल्ली तिकडेही तो वेळेवर पडत नाही. पोरगी रोज लॉजवाल्याला फोन करायची आणि तो म्हणायचा, अभी नहीं गिरी. ती हिरमुसायची आणि मी देवापुढे दिवा लावताना, हे देवा, असंच राहू दे, म्हणायची. बर्फ पडला नाही की तिकडच्या सफरचंदवाल्यांचं वर्ष बुडतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक पाय दिसत होता. मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातली गत. एका सकाळी लॉजवाल्याने व्हिडिओ पाठवला. सगळं पांढरं. पोरगी नाचली, आणि मी ती कुठल्या पायावर नाचतेय ते बघत राहिले.

कपडे तिथे भाड्याने मिळतात असं लॉजवाल्याने सांगितलं होतं. पण आमचे हे पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिनिशिंग खात्यात मास्टर आहेत. "आपन सुरतना मानसं, अन् भाड्यानी पँट घालसूत?" म्हणाले. त्यांना ती नामुष्कीच वाटली. त्यांनी मिलमधून पॅराशूटचं कापड आणलं. आधीच गुळगुळीत, त्यात चमक चढवायला गरम रुळांखालून आणखी एकदा काढलेलं. चिमटीत धरून चोळून बघितलं, उजेडात धरून चमक बघितली, मग नळाखाली धरून दाखवलं. पाणी थेंब थेंब होऊन पळालं. सगळी गल्ली बघून गेली. मी मशीनवर बसले, आत अस्तर घातलं, डाव्या पायाला तिहेरी टीप मारली. चमक अर्थातच बाहेर ठेवली. सुरतेत कापडाची चमक आत कोण ठेवतो? पँट घालून ती आरशापुढे उभी राहिली तेव्हा मलाही वाटलं, हीच हिला सांभाळील.

पहिला दिवस बरा गेला. उतार खरंच छोटा होता, खाली सफरचंदाची बाग आणि बागेला काटेरी तार. मी वरच्या कडेला उभी राहिले, जिथून ती सारखी दिसेल. लॉजवाला तिला पाय तिरके करून थांबायला शिकवत होता. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने जायचं ठरवलं. निघायच्या आधी तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी हात केला. हसलेही असेन.

अर्ध्या वाटेवर ती पडली. तसं सगळेच पडत होते, पण बाकीचे पडले की तिथेच राहायचे. आमची राहिली नाही. पायातल्या स्की सुटून वेगळ्या झाल्या आणि ती कुशीवर, मग पाठीवर, थांबतच नाही. नळाखालचं पाणी पळत होतं तशी ती त्या कापडावर पळाली. वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. लॉजवाला ओरडत होता, पैर नीचे, पैर नीचे. तार मला दिसत होती. मी धावले, पडले, बसूनच घसरत निघाले.

तारेच्या अलीकडे बर्फाचा ढीग लोटून ठेवला होता, त्यात ती रुतली. मी पोचले तोवर ती उठून बसली होती आणि कॉलरमधला बर्फ काढत होती. मी तिचा डावा पाय दोन्ही हातांनी चाचपला, वरून खाली, खालून वर. लोक बघत होते. मला त्याची पर्वा नव्हती. पाय चांगला होता. मला रडू फुटलं.

लॉजवाल्याने तिच्या पँटवरून हात फिरवला आणि मान हलवली. कपडा बहुत चिकना है जी, म्हणाला, गिरे तो कपडे ने बर्फ को पकडना चाहिए. आमचे हे नुसते उभे होते. आयुष्यभर ज्या चमकेसाठी या माणसाने रुळांच्या धगीत दिवस काढले, तीच पोरीला तारेकडे घेऊन गेली होती. मला वाटलं, आता म्हणतील, चला परत. मी त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी पोरीला लॉजवर नेलं, पँट उलटी करून घालायला लावली. अस्तर मी आतून मोकळंच टाचलं होतं, ते त्यांनी दातांनी टीप तोडून काढलं. चमक आत गेली, खरखरीत बाजू बाहेर आली, सगळ्या शिवणी जगाला दिसायला लागल्या. ते त्यावर पुन्हा पुन्हा अंगठा चोळून बघत होते.

मी म्हटलं, आता बस झालं. दुधाने तोंड पोळलंय ना एकदा? पोरीने मला बाजूला घेतलं. मैत्रिणींशी गुजरातीत बोलणारी आणि माझ्याशी अर्धं हिंदीत बोलणारी पोर, अगदी मनातलं असेल तेव्हाच अहिराणीत बोलते. तिचा आवाज हळू होता.

"मम्मी, तू खाले जाईसन चहा पी. मनाकडे देखू नको. तू देखस ना, तवय माले तो पायच याद येस."

मी पाहते तेव्हा तिला तो पायच आठवतो. मी इतके दिवस समजत होते, माझ्या नजरेने ती सावरलेली आहे. क्षणभर मला तिचा रागच आला. आम्ही रस्त्यावर धावलो, दवाखान्यात बसलो, आणि आता बघायचंसुद्धा नाही? पण ती रागावलेली नव्हती. ती विनवत होती, आणि तिचे ओठ थरथरत होते. मघाशी घसरून आली तेव्हा ते थरथरत नव्हते.

खाली रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. सगळी बाकडी उताराकडे तोंड करून मांडलेली. मी एकावर उलटी बसले, रस्त्याकडे तोंड करून. मागून आरोळ्या येत होत्या, कुणी हसत होतं, मध्येच कुणीतरी किंचाळलं आणि माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. ती आमची होती की दुसऱ्या कुणाची, कळायला मार्ग नव्हता. मान जराशी वळवली असती तर कळलं असतं. टपरीवाल्या बाईने फडकं दिलं आणि म्हणाली, इधर मुँह करके बैठो, आपकी बच्ची दिखेगी. मी तिला नको म्हटलं आणि दुसरा चहा मागितला.