जात्यावरची कळशी

खापरावरचे मांडे करणं म्हणजे पोळी लाटणं नव्हे. पुरण भरलेली पारी थोडी लाटून दोन्ही हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर खेळवत सुपाएवढी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. तापीकाठच्या त्या गावात हे काम भिकुबाईसारखं कुणाला साधत नसे. लग्न कुणाचंही असो, खापराशी पहिला पाट तिचा. तिला त्याचा ताठाही होता, खोटं कशाला बोला!

सदतीस साली सारंगखेड्याच्या यात्रेहून परतताना बैलगाडी उलटली. भिकुबाईचा डावा हात कोपरात मोडला, आणि हाडवैद्यानं बांधला तो वाकडाच जुळला. छातीशी दुमडला तो दुमडलाच. लग्नसराई आली तशी बोलावणी आली, पण नुसती जेवायची. घरात तिच्या वाट्याला एकच काम उरलं, दळण. जातं एका हातानं ओढता येतं ना!

ते सगळं तिनं गिळलं असतं. पण आदल्या उन्हाळ्यात लग्न होऊन नवापूरकडे गेलेली तिची मंगला पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची होती. सासुरवाशीण लेक आखाजीला येते ती झोक्यासाठी, गाण्यांसाठी आणि आईच्या हातच्या मांड्यांसाठी. ते ताट दुसऱ्या कुणी वाढायचं, हे भिकुबाईला सोसेना.

मोठी जाऊ नर्मदाबाई म्हणाली, "औंदा मांडा मी करसू. तू पुरन वाट."

"मन्ही पोर येई ऱ्हायनी, जिजी. मांडा मीच करसू."

"एक हातवर? मंग मनमाच खाय मांडा!"

भिकुबाईला ते झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ती कणीक घेऊन बसली. दुसरा हात नाही तर नाही, त्याच्या जागी काहीतरी गोल हवं. आधी तिनं मुसळ आडवं बांधून पाहिलं. पारी लोंबली आणि मधोमध फाटली. मग मातीचं मडकं पालथं घातलं. त्याला ती अशी चिकटली की खरवडून काढावी लागली. शेवटी तांब्याची कळशी पालथी घालून तिच्या बुडाला तेल लावलं. पारी आपल्याच भारानं खाली उतरू लागली, पण हिच्या बाजूनं कागदासारखी आणि पलीकडून भाकरीसारखी! म्हणून ती स्वतःच कळशीभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरली. चक्कर येऊन धपकन खाली बसली. बिघडलेलं सगळं म्हशीच्या पुढ्यात जाई.

"म्हैसनी आखाजी चालू व्हयनी," असं म्हणून नवरा, चुडामण, मिशीत हसे. पण नवी कणीक चाळायला वस्त्रगाळाचं फडकंही तोच धरी. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

आखाजी आठ दिवसांवर आली. भिकुबाई ज्वारी दळत होती आणि स्वतःवरच चिडली होती. चिडून तिनं जात्याला जरा जास्तच हिसका दिला. वरची तळी गर्रकन फिरून पुन्हा तिच्या हाताशी आली. भिकुबाई थबकली. इतके दिवस आपण कशाला फिरत बसलो? हे फिरतंय की!

तिनं खुंटा उपसून काढला आणि कळशी जात्यावर पालथी घातली. दगडावर दगड घासू नये म्हणून आत मूठभर ज्वारी राहू दिली. पारी टाकली. तळहातानं तळीला जरासं ढकलायचं, समोर आलेली कड जराशी ओढायची. पुन्हा ढकलायचं, पुन्हा ओढायचं. वर मांडा पसरत होता आणि खाली पीठ पडत होतं. एकटीच असून ती मोठ्यानं हसली.

आखाजीच्या दिवशी चूल पेटली. बायका बघायला दाराशी दाटल्या. पहिला मांडा उचलताना फाटला आणि राखेत पडला. नर्मदाबाई बांगड्या मागे सारत पुढे सरकली.

"बठ, जिजी," भिकुबाई म्हणाली. तिला दरदरून घाम फुटला होता.

दुसऱ्या मांड्याखाली तिनं उजवा हात कोपरापर्यंत सारला. मांडा हाताच्या दोन्ही अंगांनी लोंबला. एक अंग खापराला टेकवलं, हात वळवला, दुसरं सोडलं. कुठे सुरकुती नाही! मग जो हात चालला तो पितरांच्या नावानं अग्नीत घास देण्याची आगारी होऊन पुरुषांची पंगत उठेपर्यंत थांबला नाही.

मंगला झोक्यावरून मैत्रिणींबरोबर धावत आली. ताटात आमरस, वर घडी घातलेला मांडा. तिनं कागदासारखा पातळ घास मोडला, डोळे मिटले आणि आईकडे न बघता काकूला म्हणाली, "मोठी माय, कितला पातय करात वं!"

भिकुबाई चुलीतली लाकडं उगाच सारखी करू लागली. नर्मदाबाई गप्प राहिली असती तर सगळा मान तिच्याच पदरात पडत होता.

नर्मदाबाईनं हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. "मन्हा दोन हातले असा नही जमतस, पोरी. तुन्ही मायनी एक हातवर करात."

मंगलानं आईच्या दुमडलेल्या हाताकडे पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले. भिकुबाईनं तिच्या ताटात दुसरा मांडा वाढला. "रडू नको. खाय, गरम शे तवलोंग."

पुढच्या लग्नसराईत पहिलं बोलावणं आलं ते बैलगाडी घेऊनच, कारण आता भिकुबाई एकटी यायची नव्हती. दोन गड्यांनी जातं उचलून गाडीत ठेवलं. शेजारी ती ऐटीत बसली. आणि मांडीवर तांब्याची कळशी सांभाळत, गाडी उलटू नये म्हणून गाडीवानावर खेकसत बसली होती नर्मदाबाई.